तुमचे प्रश्न : नर्सिंग, कचेरी आणि समाजशास्त्राचा वर्ग

प्रश्न : ताई, मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली परिचारिका आहे, वय ३४. बडोद्यातल्या एका खासगी रुग्णालयात ११ वर्षं झाली, आता मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. व्यवस्थापन म्हणतंय, वॉर्ड सोडा आणि क्वालिटी विभागात या. मला मात्र समाजशास्त्रात एमए करून शिकवायचंय. सासरे म्हणतात, ‘एक काहीतरी धड धरा.’ तुम्ही आधी नर्स, मग रुग्णालयाच्या प्रशासनात आणि शेवटी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला. आधीचं शिक्षण वाया गेलं असं वाटलं का? आणि मी सुरुवात कुठून करू? मला ‘तू’ म्हणा. (एक परिचारिका, मांजलपूर)

उत्तर : वाया काहीही गेलं नाही. का ते एका रजिस्टरवरून सांगते, तू ते रोज हाताळतेस.

लामाचं रजिस्टर. नर्सिंगबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : डॉक्टरांचा सल्ला डावलून जो पेशंट घरी जातो त्याला वॉर्डात ‘लामा’ झाला म्हणतात. नाव, वय, बेड नंबर, निदान, वेळ, नातेवाइकाची सही किंवा अंगठा, आणि शेवटी एक अरुंद रकाना : कारण. आमच्या फीमेल वॉर्डात त्या रकान्यात पानोपानी एकच गोष्ट लिहिलेली असायची, ‘घरगुती कारण’. हँडओव्हरच्या गडबडीत त्याहून जास्त लिहायला सवड नसते, आणि रकान्यात जागाही नसते.

नसवाडीकडची एक बाई मला अजून आठवते. हिमोग्लोबिन फार कमी होतं, रक्ताच्या दोन बाटल्या द्यायच्या होत्या. एक चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला गेले तर बाई गाठोडं बांधून बसलेली. म्हणाली, ‘‘भेंस वियावानी छे, घेर कोण छे?’’ म्हैस व्यायला आली होती, घरी फक्त म्हातारी सासू. सोबत आलेली आई आदल्या दिवशी परत गेली होती, कारण तिच्या घरीही तेच. मी खूप समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. तिने अंगठा दिला आणि गेली.

समोरच्या मेल वॉर्डातही लामा व्हायचे, पण तिथलं कारण बहुतेक वेळा पैसा किंवा बुडणारी मजुरी असायचं. पुरुष आजारी असला की त्याची बायको जमिनीवर पथारी टाकून आठ-आठ दिवस बसलेली असते. बाई आजारी असली की तिच्याजवळ आई, बहीण, फार तर मोठी मुलगी, म्हणजे माहेर. सासरचं माणूस क्वचित. माहेरचं माणूस परत गेलं की पेशंटही जातो. हे नर्सला दिसतं. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात, त्यांना दिसणं अवघड आहे.

प्रशासनात आले तेव्हा हाच लामा माझ्या टेबलावर महिन्याच्या अहवालातला एक आकडा होऊन यायला लागला. बेड ऑक्युपन्सी, सरासरी मुक्काम, मृत्यू, लामा. मी सगळ्या इन्चार्ज सिस्टरना विनंती केली की ‘घरगुती’ न लिहिता तीन गोष्टी लिहा : सोबत कोण होतं, गाव कुठलं, परत कशाने गेले. काही महिन्यांची पानं हाती आल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. छोटा उदेपूर, कवांट, नसवाडी या बाजूचे पेशंट बऱ्याचदा डिस्चार्जच्या आदल्या दुपारीच निघून जात होते. आमच्याकडे फार्मसीचा रिटर्न (न वापरलेली औषधं परत करणं), बिल, डॉक्टरांची सही हे सगळं उरकून कागद हातात पडेपर्यंत संध्याकाळ व्हायची. त्या बाजूची शेवटची एसटी तोवर गेलेली. मग एक रात्र पॅसेजमध्ये काढा, नाहीतर जीपला पैसे मोजा. त्यापेक्षा एक दिवस आधी उठून गेलेलं बरं, असा त्यांचा साधा हिशेब होता, आणि त्यांच्या जागेवरून बघितलं तर बरोबर होता. आम्ही बाहेरगावच्या पेशंटची डिस्चार्ज समरी आदल्या संध्याकाळी टाइप करायला लावली, रिटर्न सकाळी पहिला, राउंडही त्यांच्या बेडपासून सुरू. त्या कारणाचे लामा दिसण्याइतके कमी झाले. यासाठी ना नवी खाट लागली, ना नवा माणूस.

म्हशीचा प्रश्न मात्र कचेरीतून सुटणारा नव्हता. तो समजायला मला समाजशास्त्र लागलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टाल्कट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये ‘रुग्णाची भूमिका’ ही कल्पना मांडली. आजारी माणसाला समाज दोन सवलती देतो : नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सुटका, आणि आजाराचा दोष त्याच्या माथी नाही. त्या बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा धरायची आणि जाणकाराची मदत घ्यायची. एमएच्या अभ्यासात हे वाचलं आणि मला नसवाडीची ती बाई आठवली. पहिली सवलत तिला कुणी दिलीच नव्हती. घरची सून आजारी पडू शकते, पण कामातून सुटत नाही. वॉर्डात आम्ही तिला ‘ऐकत नाही, अडाणी आहे’ म्हणत होतो, आणि ती तर तिच्यावर टाकलेली जबाबदारी चोख पार पाडत होती.

नंतर मी शिकवलं ते मुख्यतः नर्सिंगच्या मुलींना. बीएस्सी नर्सिंगच्या आताच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सेमिस्टरला अप्लाइड सोशिऑलॉजी आहे, आणि बऱ्याच मुली त्याकडे पास होण्यापुरता विषय म्हणून बघतात. मी कुटुंबसंस्थेचा धडा लामाच्या कोऱ्या फॉर्मवरून सुरू करायची : ‘‘या बाईचं कारण भरा, पण ‘घरगुती’ हा शब्द वापरायचा नाही.’’ दाहोदची एक मुलगी लिहायची, ‘पाणी भरायला कोणी नाही’. वाघोडियाची लिहायची, ‘नवऱ्याने फोन करून बोलावलं’. मग सासर-माहेर, नातेसंबंध, श्रमविभागणी हे सगळं त्यांच्याच उत्तरांतून वर यायचं. ज्याने रात्रपाळी केलीय त्यालाच हे असं शिकवता येतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्यांना हे तीन वेगळे धंदे वाटतात त्यांनी नाइटिंगेलबाईंकडे बघावं. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, जुलाब, टायफस अशा रोगांनी जास्त मरतात हे त्यांनी १८५८ मध्ये आकड्यांच्या आकृतीतून मांडलं, आणि मग लष्करी रुग्णालयांची व्यवस्था बदलावी म्हणून वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागल्या. शुश्रूषा, प्रशासन आणि समाजाचा अभ्यास एकाच बाईने केला.

आता कागदोपत्री मार्ग. जीएनएम ही पदविका आहे, तिच्यावर एमएला थेट प्रवेश मिळत नाही. आधी पदवी हवी. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत : दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, किंवा मुक्त विद्यापीठातून बीए. नोकरी सोडणं शक्य असेल तर मी पहिली वाट धरायला सांगेन, कारण तिने नर्सिंगमध्येही वर चढता येतं. नसेल तर इग्नू किंवा अहमदाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठाचं बीए. इग्नूच्या समाजशास्त्र एमएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट (देशपातळीवरची) किंवा जीसेट (गुजरातची) ही पात्रता परीक्षा. जीसेट आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठच घेतं. या पदासाठी नेटला वयाची अट नाही, तेव्हा ३४ हा आकडा मनातून काढून टाक.

क्वालिटी विभागाचं काम घे. नाही म्हणू नकोस. एकच अट घाल, पक्की दिवसपाळी. रात्रपाळी करून एमएचे स्वाध्याय लिहिणं शरीराला झेपत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. शिवाय त्या विभागात पडल्याच्या घटना, चुकीच्या औषधाच्या घटना, तक्रारी, सगळे कागद तुझ्या हातात येतील. ते ऑडिटसाठी वाचशीलच, पण माणसं कळायलाही वाच.

सासऱ्यांवर रागावू नकोस. त्यांची काळजी पगाराची आहे आणि ती खरी आहे. पाहुण्या अध्यापकाला तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुट्टीत काहीच नाही. म्हणून जीसेट किंवा नेट हातात येईपर्यंत नोकरी सोडायची नाही, हे त्यांना आजच सांगून टाक. आणि गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा, प्राध्यापक झालीस तरी.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स, बी ग्रुप (बायॉलॉजीचा). मेडिकलला नंबर लागला नाही. तिला बीएस्सी नर्सिंग करायचं आहे. आमच्याकडचे वडीलधारे म्हणतात, नर्सला चांगलं स्थळ येत नाही. काय करावं? (एक वडील, दांडिया बाजार)

उत्तर : तुम्ही मुलीचं ऐकावं. वडीलधाऱ्यांचं म्हणणं कुठून येतं तेही समजून घ्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, मलमूत्र उचलणं, रात्री घराबाहेर असणं या तिन्ही गोष्टी आपल्या सोवळ्याओवळ्यात आणि बाईच्या अब्रूच्या कल्पनेत बसत नव्हत्या. म्हणून पूर्वी हिंदू घरांतून या कामात फार थोड्या मुली यायच्या, आणि ख्रिस्ती मुलींनी हा व्यवसाय कित्येक दशकं पेलला. आपल्या लोकांत वाट पाडणारेही होते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः गेल्या. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनातून मुलींना, त्यातही विधवांना, नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. शंभर वर्षांपूर्वी ज्या घरांनी हे धैर्य दाखवलं त्यांच्यापुढे आज तुमच्यावरचं दडपण फार लहान आहे.

स्थळाची चिंता करण्यापेक्षा कॉलेज नीट बघा. ते इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि गुजरात कौन्सिल दोन्हींच्या यादीत आहे का, मुलींना प्रत्यक्ष कामासाठी कुठल्या रुग्णालयात पाठवतात, तिथे खाटा खरंच भरलेल्या असतात का, पाळीनंतर हॉस्टेलपर्यंत गाडी आहे का. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत मिळून ४५ टक्के आणि इंग्रजी विषय एवढी पात्रता लागते. पुढे नोकरी लागली आणि कुणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मागितली, तर देऊ नका. साक्षांकित प्रती द्या. या एका गोष्टीपायी कितीतरी मुली नको त्या नोकरीत अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या एमएला आहे. प्रबंधिकेसाठी रुग्णालय हा विषय ‘खरं’ समाजशास्त्र नाही, गावाचा अभ्यास कर, असं मित्र म्हणतात. (एक विद्यार्थी, फतेहगंज)

उत्तर : एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ मध्ये याच बडोद्यात समाजशास्त्र विभाग उभा केला आणि पुस्तकात लिहिलेला समाज सोडून डोळ्यांसमोरचा समाज बघायला शिकवलं. इथल्या सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या आवारात पंचमहालपासून अलिराजपूरपर्यंतची गावं रोज येऊन बसतात, जात, भाषा, कर्ज आणि नाती सोबत घेऊन. तेव्हा बिनधास्त कर. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घे, पेशंटचं नाव कुठेही लिहू नकोस, आणि वॉर्डात शिरायची घाई करू नकोस. पहिला आठवडा केसपेपरच्या रांगेजवळ उभा राहा आणि पेशंटच्या वतीने कोण बोलतं, एवढंच टिपून ठेव.