'महागाई वाढ' म्हणजे नेमकी कशाची वाढ?

प्रश्न असा: वडिलांना नोकरीत 'महागाई भत्ता' मिळायचा, आता पेन्शनच्या कागदावर 'महागाई वाढ' छापून येतं. शब्द का बदलला? आणि 'महागाई वाढ' म्हणजे महागाई वाढणं, असंच नाही का वाटत?

वाटतं खरं. पण शब्द मुद्दाम वेगळा ठेवला आहे. कचेरीच्या भाषेत भत्ता बहुधा वेतनाच्या जोडीने येतो: घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता. निवृत्ताला वेतन नसतं, निवृत्तिवेतन असतं. (यातली 'त्ति' ऱ्हस्वच. तत्सम शब्द समासात आधी आला की मूळची ऱ्हस्व वेलांटी टिकते.) म्हणून महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत कर्मचाऱ्यांना 'महागाई भत्ता' असतो आणि निवृत्तांना 'महागाई वाढ'.

आता अर्थाची अडचण. 'महागाईची वाढ' असा विग्रह केला की घोटाळा होतो. इथे विग्रह 'महागाईपोटी दिलेली वाढ' असा आहे. साखरभात म्हणजे साखरेचा भात नव्हे, साखर घालून केलेला भात. मधलं पद गळालेलं असतं. तोच मध्यमपदलोपी समास इथे आहे. वाढ निवृत्तिवेतनात होते, महागाई हे तिचं कारण.

तीही मूळ निवृत्तिवेतनाच्या आकड्यात होत नाही, हे कागद हातात घेतला की दिसतं. समजा, मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये. त्यातला ४० टक्के भाग एकरकमी पैशांच्या बदल्यात विकला, म्हणजे अंशराशीकरण केलं, तर हाती १२,००० उरतात. महागाई वाढ ५० टक्के असेल तर ती १२,००० वर नव्हे, पूर्ण २०,००० वर धरतात: १०,००० रुपये. एकूण २२,०००. मूळ आकडा जागचा हलत नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाबरोबर सरकते ती टक्केवारी.

केंद्राच्या निवृत्तांच्या बातम्यांत याच रकमेला 'महागाई सवलत' म्हणतात. तो शब्द मला मनापासून खटकतो. सवलत देणारा मोठ्या मनाने देतो आणि घेणारा उपकारात राहतो, असा त्याचा सूर आहे. निवृत्तांनी केंद्र सरकारविरुद्ध लढलेल्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे. मग त्या हक्काचं मोल टिकवणाऱ्या रकमेला सवलत का म्हणायचं? 'भरपाई' सर्वांत नेमका शब्द ठरला असता. तो रुळलेला नाही, तोवर 'वाढ' बरी.

वडिलांना कोषागाराकडे अर्ज करायचा असेल तर 'महागाई भत्त्याची थकबाकी' न लिहिता 'निवृत्तिवेतनावरील महागाई वाढीची थकबाकी' असं लिहावं, आणि 'महागाई' व 'वाढ' हे शब्द शासन निर्णयातल्यासारखे सुटे ठेवावेत.