आखाजीच्या लग्नाआधी पील: ७० टक्के की ५०?

प्रश्न थोडक्यात असा: लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हातात सहा आठवडे. कपाळावर आणि दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी डाग, हनुवटीवर मुरुमांच्या जुन्या खुणा. पार्लरमध्ये सांगितलंय की ग्लायकोलिक पीलच्या (आम्ल लावून वरची कातडी उतरवण्याच्या) तीन सीटिंगमध्ये चेहरा साफ होतो. तर ७० टक्क्यांचं घ्यावं की ५० चं, आणि खर्च किती?

दोन्ही नको. खर्चाचं राहू द्या, आधी त्या टक्क्याचं बोलू.

पील लावायचं काम मी रोज करते आणि रोज कुणीतरी हेच विचारतं. पील विकणाऱ्या एका प्रतिनिधीशी माझा यावरून जुना वाद आहे. त्याचं म्हणणं, टक्का जास्त तर काम जास्त. तसं नसतं. कातडीत शिरतं ते मोकळं आम्ल, आणि ते किती मोकळं आहे हे पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ठरवतो: आकडा लहान तितकं मोकळं आम्ल जास्त. ग्लायकोलिकचा पीएच ३.८ च्या आसपास असला की त्यातलं निम्मंच आम्ल मोकळं असतं. ७० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ४.८ असेल तर कामाचं आम्ल जेमतेम ७ टक्के उरतं. उलट ३० टक्क्यांची बाटली पीएच २ ची असेल तर जवळजवळ सगळं ३० टक्के चेहऱ्यावर काम करतं. म्हणजे लेबलवर मोठा आकडा असलेली बाटली मवाळ आणि लहान आकड्याची जाळणारी, असं होऊ शकतं. पार्लरमध्ये बाटलीचा पीएच विचारून बघा, पुढचं बोलणं तिथेच थांबेल.

चोपड्याकडच्या एका बाईंचं सांगते. गहूवर्णाहून सावळ्या, कापसाच्या शेतात राबणाऱ्या, दोन बाळंतपणांनंतर गालांवर वांग (तपकिरी डाग, मेलाज्मा) आलेला. आखाजीला माहेरी जायचं म्हणून एप्रिलमध्ये कुठेतरी पील करून घेतलं. आधीची तयारी शून्य. आदल्या दिवशी थ्रेडिंग आणि ब्लीच झालेलं. घरी रात्री 'गोरं होण्याची' क्रीम चालू, ज्यात मोमेटासोन हे स्टिरॉइड होतं. त्याने कातडी आधीच कागदासारखी पातळ झालेली. नाकपुडीच्या घडीला आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलिन लावलं नव्हतं, त्यामुळे आम्ल तिथे साचलं. कपाळापासून ब्रश फिरवत डाव्या गालावर येईपर्यंत कुणाचा तरी फोन आला. वेळ कुणी लावलीच नव्हती. परत आल्यावर गालाच्या हाडावर करडा-पांढरा पट्टा दिसला, तो बघून पील लावणाऱ्या म्हणाल्या, "बघा, काम करतंय." मग गुलाबपाण्याच्या बोळ्याने पुसलं.

इथे प्रत्येक पायरी चुकली, पण खरी गोची त्या पांढऱ्या पट्ट्याची आहे. सॅलिसिलिक पील लावल्यावर चेहरा पांढरा पडतो, ती नुसती सॅलिसिलिकची पूड असते. अल्कोहोल उडालं की मागे राहते, पुसली की जाते. ग्लायकोलिकमध्ये पांढरं दिसलं तर वरची कातडी भाजली असं समजायचं. ग्लायकोलिकला थांबायची खूण आहे सारखी हलकी लाली, आणि करडं काही दिसलं तर घड्याळात अर्धा मिनिट झाला असला तरी तिथे लगेच न्यूट्रलायझर. तो म्हणजे १० ते १५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचं पाणी. ते लावलं की चेहऱ्यावर बारीक फेस येतो. फेस येणं बंद होईपर्यंत लावत राहायचं, नंतर गार पाण्याने भरपूर धुवायचं. बोळ्याने पुसल्यावर आम्ल निघत नाही, नुसतं पसरतं.

बाई आल्या तेव्हा पाचवा दिवस होता. गालावर काळपट खपली, तिचा अर्धा भाग नखाने ओढून काढलेला. "मन्हा चेहरा काया पडी गया" एवढंच म्हणत होत्या. खपली सुटेपर्यंत व्हॅसलिन, सूज उतरायला सौम्य स्टिरॉइड मोजून चार दिवस, मग सनस्क्रीन आणि पुढे डाग फिकट करणारं ॲझेलेइक ॲसिड. मूळ वांग फिकट होता, त्याच्यावर हा नवा डाग गडद बसला. तो उतरायला दिवाळी उजाडली. आपल्या सावळ्या कातडीला भाजलं की ती रंग ओतते, आणि जळगाव-भुसावळचं ४४-४५ अंशांचं ऊन त्यात भर घालतं. म्हणून आमच्याकडे पीलचा मोसम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत.

नीट करायचं तर तयारी दोन ते चार आठवड्यांची. रोज सनस्क्रीन, रात्री डॉक्टरांनी दिलेली डाग फिकट करणारी क्रीम, म्हणजे नुसतं हायड्रोक्विनोन किंवा त्याच्यासोबत ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन. ट्रेटिनॉइन पीलच्या आधी तीन ते सात दिवस बंद. या काळात कातडी सवय करून घेते आणि कुणाला काय सोसत नाही हेही कळतं. पहिलं पील २० ते ३५ टक्के ग्लायकोलिक, एक-दोन मिनिटांचं, किंवा मँडेलिक हे दुसरं आम्ल. मँडेलिकचा रेणू मोठा, म्हणून सावकाश शिरतं. सावळ्या कातडीला मला तेच बरं वाटतं. दोन सीटिंगमध्ये दोन ते तीन आठवड्यांचं अंतर, एकूण चार ते सहा सीटिंग. टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) पार्लरवाल्यांनी हातात घेऊच नये: ते कातडीतल्या प्रथिनांशी बांधलं जाऊन आपोआप थांबतं, आपण मध्येच थांबवू शकत नाही.

आता तुमचा हिशेब लावा. सहा आठवड्यांतले तीन तयारीत गेले. लग्नाआधीचे तीन मोकळे हवेत, कारण साल निघण्यात पाच-सात दिवस जातात आणि नव्या कातडीवर हळद लावली तर ती नुसती झोंबत नाही, ॲलर्जीही उठवू शकते. उरतं एकच पील, तेही चैत्र-वैशाखाच्या उन्हात. ते सोडा. कपाळ-गालांचे डाग वांगाचे वाटतात. त्यांना रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन लागेल, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर येईल एवढं, दर दोन-तीन तासांनी. स्कूटीवर स्कार्फ बांधता म्हणून सनस्क्रीन टाळू नका. चुलीवर भरताची वांगी भाजत बसू नका, धगीनेही वांग चिडतो. उटणं, लिंबू, ब्लीच बंद.

हे आधी लिहायला हवं होतं: तोंडावर ताप फुटण्याची (ओठांजवळ पाण्याचे फोड येण्याची) सवय असेल, जखमेचे वण फुगत असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबल्या असतील, ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात बाळ असेल, तर पील लावायच्या आधी सांगा, कुणी विचारलं नाही तरी सांगा. मानेवर मखमलीसारखा जाड काळा पट्टा असेल तर तो पीलचा विषय नाही, आधी साखर तपासा. कपाळावर फक्त टिकलीच्या जागीच काळं असेल तर टिकली बदला.

आणि सध्या वापरत असलेल्या रात्रीच्या क्रीमच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का ते आज बघा. असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, चेहरा लाल होऊन पेटतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.