बाल्कनीत कुंड्या लावून घरच्यांना विषमुक्त भाजी देता येईल का? कीड आली तर कोणता घरगुती फवारा निर्धास्त मारावा?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. घरात लहान मुलं आहेत, बाल्कनीत पाच तास ऊन येतं, तर सगळी भाजी घरचीच खाता येईल का, हा एक. कीड पडली तर तंबाखूचं पाणी, शेणाचं पाणी असलं काहीतरी नैसर्गिक मारलं तर चालेल ना, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर: नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाहीत. चार मोठी माणसं असतील तर रोजचे १.६ किलो, महिन्याचे ४८ किलो झाले. कोणतीही बाल्कनी एवढं देत नाही. ती पालेभाजी देईल, कोथिंबीर-पुदिना भरपूर देईल, मिरच्या पुरतील, टोमॅटो अधूनमधून मिळतील. पण याच भाज्या लवकर सुकतात, यातल्या बऱ्याच आपण कच्च्या खातो आणि सालासकट खातो. म्हणून घरी लावायच्या तर याच लावा, कांदा-कोबीच्या नादी लागू नका.

लिहायला बसलो ते दुसऱ्या प्रश्नामुळे. हा वाद माझ्या थोरल्या भावाबरोबर कित्येक वर्षं चालू आहे. त्याचं म्हणणं एकच, ‘जे निसर्गातलं आहे त्यानं माणसाला काय होणार?’ तंबाखूचं पाणी या एकाच उदाहरणावर हे म्हणणं मोडून पडतं, ते कसं ते नीट सांगतो.

तंबाखू उकळून जे पाण्यात उतरतं ते निकोटिन, आणि निकोटिन हे सरळसरळ कीटकनाशक आहे. एकेकाळी ते कीटकनाशक म्हणूनच विकलं जायचं. किडीच्या मज्जातंतूंवर ज्या जागी ते बसतं तशीच जागा माणसाच्या मज्जातंतूंवरही असते. ज्यांच्या नावानं आपण घाबरतो ती इमिडाक्लोप्रिडसारखी रासायनिक कीटकनाशकं याच जागेवर काम करतात. फरक इतकाच की त्यांचे रेणू किडीच्या मज्जातंतूंना जास्त घट्ट चिकटतील आणि माणसाच्या कमी, असे बनवलेले आहेत. निकोटिनमध्ये हा भेदभाव फार कमी आहे. सस्तन प्राण्यांना ते इमिडाक्लोप्रिडपेक्षा कितीतरी जास्त विषारी आहे. शिवाय ते कातडीतून शरीरात जातं. ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो तो यामुळेच.

आता मात्रेचं बघा. दुकानातल्या औषधाच्या बाटलीवर निदान लिहिलेलं असतं की लिटरला किती घालायचं आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही. तंबाखूच्या काढ्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पानात निकोटिन किती आहे ते तंबाखूच्या जातीवर आणि प्रतीवर बदलतं, उकळलं किती वेळ यावर बदलतं. म्हणजे आपण अंदाजे मात्रेचं विष पानावर मारतो आणि दोन दिवसांनी ते पान मुलाच्या ताटात वाढतो. पान निकोटिन आत शोषून घेतं, त्यामुळे धुऊन ते सगळं जात नाही. बाजारच्या भाजीवर औषध राहतं हा जो आक्षेप, तोच इथेही लागू होतो.

तंबाखूचा आणखी एक तोटा झाडाला होतो. टोबॅको मोझॅक हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि टोमॅटो-मिरचीला हातांवरून लागतो. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे येतात, पान वेडंवाकडं होतं, आणि त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकावं लागतं. घरात कोणी तंबाखू खात किंवा ओढत असेल, तर त्यानं साबणानं हात धुतल्याशिवाय या झाडांना हात लावू नये.

शेणाच्या पाण्याचं तसंच. कुजलेलं शेणखत उत्तम, त्याबद्दल वादच नाही. पण ताज्या शेणात ई-कोलाय या जिवाणूचे घातक प्रकार, साल्मोनेला हा जिवाणू, जंतांची अंडी असू शकतात. ते पाणी कोथिंबिरीवर शिंपडलं आणि ती कोथिंबीर वरून कच्चीच भुरभुरली, तर जे व्हायचं ते पोटाचं होतं, आणि लहान मुलांचं जास्त होतं. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेण मातीत मिसळल्यापासून तोडणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात, खायचा भाग मातीला लागत नसेल तर ९० दिवस. पालक दीड महिन्याच्या आत काढणीला येतो. म्हणजे पालेभाजीच्या उभ्या पिकाला ताजं शेण द्यायला जागाच उरत नाही. खत कुजलं आहे हे कसं ओळखायचं? शेणाचा वास गेलेला असतो, हातात घेतलं तर भुसभुशीत, काळपट, आणि ढीग आतून गरम लागत नाही.

मग किडीचं काय करायचं? पहिली गोष्ट, दर दोन दिवसांनी पानं उलटी करून बघायची. कीड पानाच्या खालच्या अंगाला बसते आणि माणसं वरून बघत राहतात. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर बाटलीच्या बारीक, जोरदार पाण्यानं खालच्या बाजूनं धुऊन काढा, ओळीनं तीन दिवस. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. आणि मावा पुन्हापुन्हा येत असेल तर तुम्ही खत जास्त घालताय. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला तेच हवं असतं. ऊन कमी आणि नत्र जास्त अशा पालेभाजीत नायट्रेटही साठतं, ते मुलांच्या दृष्टीनं चांगलं नाही.

पाण्यानं भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल. १ लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली सौम्य लिक्विड सोप. तेल थेट पाण्यात ओतू नका, ते वर तरंगतं, एका पानावर नुसतं तेल पडतं आणि दुसऱ्यावर नुसतं पाणी. आधी वाटीत तेल आणि सोप दुधाळ होईपर्यंत घोटा, मग थोडं कोमट पाणी घालून हलवा, आणि मग उरलेल्या पाण्यात मिसळा. बाटलीत वर तेलाचे थेंब दिसायला लागले तर पुन्हा हलवा. त्याच दिवशी संपवा. आधी एका पानावर मारून एक दिवस वाट बघा. ऊन उतरल्यावरच फवारा, भर उन्हात मारलं तर पानं करपतात. फुलांवर मधमाश्या असताना मारू नका. आठवड्यानं पुन्हा एकदा. ते पान निदान आठवडाभर खुडू नका. आणि हेही नैसर्गिकच आहे म्हणून सांगतो: कडुनिंबाचं तेल पोटात गेल्यानं लहान मुलांना गंभीर विषबाधा झालेली आहे. बाटली औषधांच्या कपाटात, कुलपात.

पानावर पांढऱ्या वळणावळणाच्या रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते, वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. ती पानं तोडून टाका. पिठ्या ढेकणाला, म्हणजे पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किडीला, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावून पुसून काढायचं. लाल कोळी कोरड्या, गरम हवेत येतो, पानाखाली बारीक जाळं दिसतं. रोज पानं ओली करायला लागलात की तो कमी होतो.

एवढं किडीवर लिहिलं खरं, पण कीड मुळात कमकुवत झाडावर जास्त येते आणि कुंडीतलं झाड कमकुवत होतं ते बहुतेक पाण्यानं. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, हे सगळीकडे सांगितलं जातं. ते चूक आहे. भांडी घासायचा जाड स्पंज भिजवून आडवा धरा. टपटपणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतल्या मातीचंही हेच होतं: तळाशी ठरावीक जाडीचा थर पाण्यानं भरलेला राहतो, आणि माती जितकी खोल तितका तो मुळांपासून लांब. खडी घातली की माती उथळ होते आणि तो चिंब थर खडीच्या डोक्यावर येऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा पुरे, तोही फक्त माती वाहून जाऊ नये म्हणून. भोकं मात्र चार-पाच हवीत, आणि कुंडी विटांवर थोडी उचललेली.

माती, पूर्ण कुजलेलं खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मापानं सारखं घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते भिजवून दोन-तीन वेळा पाणी काढून टाकल्याशिवाय वापरू नका, नाहीतर रोपांच्या पानांच्या कडा जळतात. पालेभाजीला १५ ते २० सेंटिमीटर खोल पसरट भांडं चालतं. टोमॅटोला एका झाडाला २० लिटरची कुंडी द्या आणि सहा तासांहून जास्त ऊन द्या. तुमच्या पाच तासांत टोमॅटो कमी धरतील, पालेभाजी व्यवस्थित येईल. जुन्या, रंग उडालेल्या भिंतीच्या कडेची माती आणि रंगाचे जुने डबे घेऊ नका, जुन्या रंगात शिसं असतं आणि ते धुळीबरोबर पालेभाजीला चिकटतं.

पाणी ठरलेल्या वेळी घालायचं नसतं. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर खालून बाहेर येईपर्यंत घाला, ओलं लागलं तर राहू द्या. टोमॅटोच्या खालच्या टोकाला काळा, खोलगट डाग पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यानं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. एक दिवस सुकवायचं आणि दुसऱ्या दिवशी बुडवायचं असं केलं की डाग येणारच. त्यावर अंड्याची टरफलं टाकून त्या हंगामात काही उपयोग होत नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो. एप्सम सॉल्ट या मॅग्नेशियमच्या क्षारानं तर उलट होतं, मॅग्नेशियम वाढलं की कॅल्शियम उचलणं घटतं.

पालकाचं बी सेंटिमीटरभर खोल, रोपं आठ-दहा सेंटिमीटरवर विरळ करा आणि बाहेरची पानं खुडत राहा, मधला कोंब सोडा. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन करा, नाहीतर उगवण कमी होते. दोन्ही दर पंधरा दिवसांनी नव्या भांड्यात थोडी-थोडी पेरा. एकदम पेरलीत तर एका आठवड्यात खाऊन संपणार नाही आणि पुढचा महिनाभर काही नसेल.

बाजारची भाजी बंद करू नका. कमी भाजी खाण्यानं होणारं नुकसान नक्की आहे, आणि ते भाजीवर उरलेल्या कीटकनाशकाच्या अवशेषांच्या भीतीपेक्षा मोठं आहे. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सालाच्या फळांना अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवलं तर वरचे अवशेष बरेच निघतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर हे तपासून झालं आहे. सालाच्या आत उतरलेलं औषध मात्र सोड्यानंही निघत नाही, हेही त्यात दिसलं. भांड्यांचा साबण भाजीला लावू नका. आणि मोड आलेली कडधान्यं घरी केली म्हणून कच्ची खाऊ नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. २०११ साली जर्मनीत मोडांमधल्या ई-कोलायमुळे पन्नासहून जास्त माणसं गेली. वाफवून द्या, मुलांना तर नक्कीच.

आता राहिलेल्या सूचना. घरात कोणाला कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे होत असतील तर पालक रोज नको, आणि करायचा तर उकळून पाणी फेकून. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू किंवा बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कुंडीत मांजर शी करत असेल तर गरोदर बाईनं त्या मातीत हात घालू नये, आणि ती माती पालेभाजीला वापरू नये. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून दोनदा ओता, डास तिथेच वाढतात. आणि भिजलेल्या २० लिटरच्या कुंडीचं वजन २० किलोच्या वर जातं, तेव्हा मोठ्या कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला न मांडता घराच्या भिंतीकडे मांडा आणि कठड्यावर तर एकही ठेवू नका.