फोन खोलीबाहेर ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून जीव गलबलला आणि थोडा रागही आला. पूर्वपरीक्षा हुकली, त्या रात्री फोनवर पुन्हा तेच अश्लील व्हिडिओ पाहिलेस, मग पहाटे थंड पाण्याची अंघोळ, दिवसभर उपास, मारुतीपुढे शपथ. शपथ मोडली तेव्हा 'मी नीच आहे' असं लिहून मोकळा झालास.

हा उपास कोणी सांगितला तुला? भुकेलेला, चिडलेला, एकटा आणि थकलेला माणूस लवकर घसरतो. व्यसनमुक्तीचं काम करणारे आधी या चार गोष्टीच विचारतात. तू शिक्षा म्हणून स्वतःला तसाच करून ठेवतोस. मेसचा डबा कितीही बेचव असो, पोटभर जेव. वेळेवर झोप. आणि फोन खोलीबाहेर ठेव.

कॉट बेसिसवर राहणाऱ्याने बाहेर म्हणजे कुठे ठेवायचा? अरे, अभ्यासिकेत लॉकर आहे ना! रात्री निघताना त्यात टाक आणि कुलूप लाव. गजराला साधं घड्याळ घे. आईला रूम पार्टनरचा नंबर देऊन ठेव. ब्लॉकर टाकलास, ॲप काढलंस, हे सगळं वाचलं. 2018 मध्ये सरकारने अशा आठशेहून जास्त साइट बंद करायला लावल्या, तरी तुला वाट सापडलीच ना? चादरीखाली उजेड, एका कानात इयरफोन, दुसरा कान पार्टनरच्या घोरण्याकडे. त्या घडीला निर्धार उपयोगाचा नसतो. फोन हाताशी नसणं उपयोगाचं असतं.

दिवसा ऊर्मी आली तर तिच्याशी झुंजू नकोस. उठ, जिना उतर, चहाच्या टपरीपर्यंत चालत जा. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ती ओसरते.

आणि घसरलास तरी 'आता सगळं गेलंच' म्हणू नकोस. ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवून दिलं: एका घसरणीपेक्षा तिच्यानंतरचा हा विचार माणसाला जास्त खाली नेतो. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवायचं, अभ्यासाला बसायचं, रात्री फोन खोलीबाहेर.

मला हट्टी म्हणतात. माझा फोन रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो, घरचे कुरकुरतात, 'अडीअडचणीला काय?' विचारतात. लँडलाइन आहे, दार आहे, शेजारी आहेत. मी बदलणार नाही. आमच्या वेळी पिवळी पुस्तकं होती आणि विचारायला कोणी नव्हतं. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून लैंगिक विषयांवर मराठीत मासिक चालवलं, खटले सोसले, तरी आमच्या घरात कोणी तोंड उघडलं नाही. त्या मुकेपणात उमेदीची वर्षं गेली, याची चुटपुट अजून आहे. म्हणून तुला इतक्या वेळा सांगतो.

तू विचारलंस, हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनिवार लैंगिक वर्तनाची नोंद आहे. पण निव्वळ अपराधी वाटतं म्हणून ते निदान होत नाही, हेही तिथेच लिहिलंय. महिनोन् महिने ताबाच राहत नसेल, अभ्यास, झोप, माणसं सगळं बाजूला पडत असेल, तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लाजू नकोस.

लॉकरचं आजच विचार. रविवारी सकाळी मला फोन कर. किती दिवस पाळलं ते नको सांगूस; जेवलास का आणि झोप लागली का, एवढं सांग.

तुझा,
सर