16 लाखांतले हातात किती?

प्रश्न: वय 31, टेक्निकल रायटर. नाशिकमध्ये घरूनच काम, पॅकेज 11 लाख. मुंबईतल्या एका मोठ्या माध्यम कंपनीची 16 लाखांची ऑफर आहे, त्यात 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारा भाग. पाचही दिवस ऑफिस. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता 24,000, तिथे आई-बाबा राहतात. ठाण्यात मैत्रिणीबरोबर राहिले तर माझ्या वाट्याचं भाडं 17,000. घ्यावी का?

ताई, "पाच लाखांची उडी" असं तुम्ही लिहिलंय. त्यातली खात्यात किती उतरते ते बघू.

तुम्ही पाठवलेल्या ऑफरच्या तक्त्यात बेसिक 8 लाख आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 96,000 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 38,500, दोन्ही त्या 16 लाखांतच धरलेत. व्हेरिएबलचे 1.60 लाख तूर्त बाजूला ठेवा. राहिले 13.05 लाख. तुमचा पीएफ, व्यवसाय कर आणि नव्या पद्धतीने आयकर गेला की महिन्याला साधारण 98,000. आज तुमच्या सॅलरी स्लिपवर 78,000 आहेत. वाढले 20,000, त्यातले 17,000 भाड्याला. उरलेल्या तीन हजारांत लोकलचा पास, डबा आणि महिन्यातून दोनदा नाशिकला येणं बसवून दाखवा.

आता व्हेरिएबल. स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 वजा जाता तुमचं करपात्र उत्पन्न 12.30 लाख होतं. 12 लाखांची करमाफीची रेषा जेमतेम ओलांडलीत, म्हणून सवलत मिळून कर 32,000च्या आत राहतो. व्हेरिएबल पूर्ण मिळालं की ती सवलत जाते आणि कर 92,000 होतो. म्हणजे 1.60 लाखांतले जवळपास 60,000 सरकारजमा. तेही कंपनीचं वर्ष चांगलं गेलं तर! जाहिराती आटल्या की पहिली कात्री इथेच लागते.

पीएफमध्ये दोन्ही बाजू मिळून वर्षाला 60,000 जास्त जमतील, तो फायदा खरा. बायोडेटावर मोठं नाव येईल, पुढच्या पगाराची बोलणी वरून सुरू होतील, हेही मान्य. पण त्यासाठी आजच घर हलवायला मी सांगणार नाही.

एचआरला सांगा, पॅकेज आहे तेच ठेवा, ऑफिस आठवड्याला दोनच दिवस. सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी नाशिकरोडला पकडायची, एक रात्र मैत्रिणीकडे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. दोन-चार लाख वाढवून मागण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण वाचलेल्या भाड्यावर कर बसत नाही. ते नाहीच म्हणाले, तर व्हेरिएबलचे पैसे फिक्समध्ये मागा आणि तोवर सही करू नका.

जॉइनिंग बोनसचं कलमही नीट वाचा. वर्षाच्या आत सोडलंत तर "पूर्ण रक्कम" परत, असं त्यात आहे. म्हणजे कर कापून हातात आलेली की कापण्याआधीची, हे त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या.