मॅट्रिजेलमध्ये पहिल्यांदा पेशी लावताना

सुरुवात एमसीएफ-१०ए या कर्करोग नसलेल्या स्तनपेशींपासून कर, कर्करोगाच्या पेशी नंतर. पेशी वाढून त्यांची गोळी होते; निरोगी, पोकळ गोळी आधी डोळ्यांत बसली पाहिजे, नाहीतर बिघडलेली ओळखणार कशी?

सगळी मेख मॅट्रिजेलमध्ये, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जेलमध्ये आहे. ते १० अंशांच्या वर जेलीसारखं घट्ट व्हायला लागतं, आणि आपल्याकडे संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. एसीच्या भरवशावर राहू नकोस. कुपी रात्रभर फ्रीजमध्ये, ४ अंशांवर, बर्फात खोचून वितळू दे. लाइट जायची शक्यता असेल तर बर्फ दुप्पट घे. टिप्स आणि स्लाइडही गार हव्यात. आठ खणांच्या स्लाइडवर दर खणात ४५ मायक्रोलिटर, बुडबुडा न येऊ देता पसर. मग ३७ अंशांवर २० मिनिटं. थर पातळ राहिला की पेशी काचेला टेकतात, चपट्या पसरतात आणि गोळी होतच नाही. नवख्यांचं इथेच बिनसतं.

वरून दर खणात ५,००० पेशी, ४०० मायक्रोलिटर माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात. त्यात २ टक्के मॅट्रिजेल आणि मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम ईजीएफ, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. पेशी अगदी सुट्या हव्यात, गठ्ठ्यातून वेडीवाकडी गोळी होते. दर चार दिवसांनी माध्यम बदल, खणाच्या कडेने, हलक्या हाताने. पंधराव्या दिवसाच्या आसपास मधल्या पेशी मरून पोकळी झालेली असते. साध्या सूक्ष्मदर्शकावर विसंबू नकोस. कॉन्फोकलखाली, म्हणजे एकेका पातळीचा छेद दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, गोळीचा बरोबर मधला छेद बघ.