साहेबांना किती सांगायचं?

"कंपनीच्या फाइलला लागेल का हो, मॅडम?"

कामाच्या ताणामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न असतो. झोप उडालेली असते, छातीत धडधडतं, घरात मुलांवर ओरडणं वाढलेलं असतं. पण त्याआधी भीती असते ती शिक्का बसण्याची. ऑफिसात कळलं तर बढती अडेल, 'याला झेपत नाही' म्हणून बाजूला काढतील. या भीतीपायी माणसं महिनोन्‌महिने मदत घेत नाहीत. म्हणून ही एका माणसाची हकिकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते लाइन सुपरवायझर. चाळिशी अजून लांब. बायकोने हट्ट धरला म्हणून आले. कंपनीच्या बसमधून उतरून गेटपाशी पोचलं की तळहात घामाने ओले व्हायचे, श्वास अपुरा पडायचा. हार्ट अॅटॅक येतोय असं वाटून एकदा रात्री दवाखाना गाठला होता. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. तपासण्या आधी झाल्या हे उत्तमच झालं, कारण शरीराचे काही आजारही अशीच लक्षणं दाखवतात.

बोलताना त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तो थरथरला. त्यांनी उचलून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. प्रॉडक्शनच्या ग्रुपवर मेसेज होता, 'लाइन ३ बंद. कोण बघतंय?' त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. उत्तर टाकेपर्यंत त्यांना अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करता येईना.

सहकारी सुपरवायझर नोकरी सोडून गेल्यापासून दोन लाइन त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होत्या. निम्मी मुलं कंत्राटी, शिकून तयार होईपर्यंत निघून जाणारी. रिजेक्शन वाढलं की सकाळच्या मीटिंगला बोर्डावर लाल आकडा आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव. मी हे सविस्तर विचारते, कारण प्राणायाम करा, सकारात्मक राहा, एवढं सांगून दोन माणसांचं काम एकाच्या अंगावरून उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं, आटोक्यात न आलेल्या कामाच्या ताणातून येणारी.

या गृहस्थांचा त्रास मात्र त्याच्याही पुढे गेला होता. पहाटे तीनला जाग, भूक मेलेली, कशातच मन नाही, त्यात हे पॅनिकचे झटके. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, आमच्या भेटीही सुरू राहिल्या. आणि फाइलचा प्रश्न पुन्हा आला.

याचं उत्तर असं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले, तर डॉक्टर ती तुमच्या साहेबांना परस्पर देऊ शकत नाहीत. कंपनीने नेमलेल्या समुपदेशकाकडे जाणार असाल तर पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारा: माझं नाव कंपनीला कळतं का? तुम्ही त्यांना नेमकं काय कळवता? कोणत्या परिस्थितीत सांगता? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. या गृहस्थांच्या कारखान्यातही कॅन्टीनबाहेर समुपदेशनाच्या हेल्पलाइनचं पोस्टर होतं, पण फोन एचआरच उचलतं अशी सगळ्यांची समजूत, म्हणून कुणी नंबर फिरवत नव्हतं.

मात्र आपण स्वतः साहेबांना जे सांगतो ते परत घेता येत नाही. म्हणून काय सांगायचं हे आम्ही आधी कागदावर लिहून काढलं. त्यांचा पहिला मसुदा होता, "सर, मला डिप्रेशन आलंय, मला आता जमत नाही." त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे ऐकून साहेबांनी करायचं काय? मी विचारलं, "उद्या कामात एक-दोन गोष्टी बदलल्या तर कोणत्या हव्यात?" बराच विचार करून ते म्हणाले, नाइट शिफ्ट आणि घरी येणारे फोन. मग मसुदा असा झाला:

"सर, माझ्या तब्येतीचे उपचार चालू आहेत, झोप नीट होत नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे नाइट शिफ्ट टाळायला सांगितलंय. शिफ्ट संपताना मी लाइनची स्थिती लिहून देईन, त्यानंतरचे फोन पुढच्या सुपरवायझरला जाऊ देत."

आजाराचं नाव नाही, मागणी नेमकी, मुदत ठरलेली. मदत मागायला निदान सांगावं लागत नाही, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

साहेबांचं पहिलं उत्तर होतं, "टेन्शन सगळ्यांनाच असतं रे." ते हिरमुसून आले. आम्ही डॉक्टरांचं पत्र जोडून तोच मजकूर ईमेलने पाठवला. एचआरने बोलावून नेमकं काय झालंय विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पत्रात आहे तेवढं पुरेसं आहे ना?" नाइट शिफ्ट थांबली. फोन लगेच थांबले नाहीत. पण हँडओव्हर वहीत लिहिला जाऊ लागल्यावर विचारायलाच फारसं काही उरेना. दुसऱ्या सुपरवायझरची जागा अजून रिकामी आहे, आणि हे मला खटकतं. माणूस सावरला म्हणून त्याच्यावर तेच ओझं कायम ठेवणं बरोबर नाही. नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक जागा वेळेत भरणं त्यापुढे कितीतरी स्वस्त.

तुम्ही स्वतः कुणाचे साहेब असाल, तर समोरच्याला 'तुला झालंय काय?' असं खोदून विचारू नका. 'कामात सध्या काय हलकं करू?' एवढं विचारा आणि त्यातलं एक तरी त्याच आठवड्यात करा. कुणाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा डोकावला तर थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

हे गृहस्थ आता गेटमधून आत जाताना थबकत नाहीत. बरं वाटू लागल्यावर मागच्या भेटीत विचारत होते, "गोळ्या बंद केल्या तर?" स्वतःच्या मनाने अजिबात नाही, म्हटलं. अचानक बंद केल्याने त्रास उलटतो. डोस कधी आणि किती कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील. नाइट शिफ्टला परत जायचं ते त्यानंतर, आणि तेही आधी एकच आठवडा करून बघायचं असं आम्ही ठरवलंय.